इंजिन थंड, गिअर गरम: जुना गार्डन ट्रॅक्टर घेताना काय बघायचं

मी पहिला जुना गार्डन ट्रॅक्टर बघायला गेलो, तेव्हा तो अंगणात सुरूच होता. "तुम्ही येणार म्हणून जरा गरम करून ठेवला," मालक म्हणाले. मला ते सौजन्य वाटलं. इंजिनाचा आवाज एकसारखा होता, धूर दिसत नव्हता. सपाट अंगणात दोन चकरा मारल्या, पुढे घेतला, मागे घेतला आणि पैसे दिले. आठ दिवसांनी बागेच्या वरच्या अंगाला गवत कापत होतो. साधारण पंचविसाव्या मिनिटाला चढावर त्याची ओढ कमी होत गेली आणि तो उभा राहिला. इंजिन भरधाव चालू, पॅडल शेवटपर्यंत दाबलेलं आणि चाकं जागच्या जागी. अर्धा तास सावलीत ठेवल्यावर पुन्हा चालायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला, तर इंजिन आठव्या प्रयत्नात लागलं आणि सायलेन्सरमधून निळ्या धुराचा लोट आला.

हे दोन्ही दोष मी चकरा मारल्या त्या दिवशीही त्याच्यात होते. मी ते भलत्या वेळी बघत होतो. इंजिनाचं दुखणं ते थंड असताना कळतं आणि गिअरचं दुखणं तो गरम झाल्यावर. मी नेमकं उलटं केलं होतं: इंजिन गरम बघितलं आणि गिअर थंड. त्यानंतर स्वतःसाठी आणि ओळखीच्यांसाठी बरेच जुने ट्रॅक्टर बघितले. बहुतेक जण अजून तसेच बघतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

## आधी एक खात्री: हा खरंच गार्डन ट्रॅक्टर आहे का?

लांबून सगळे सारखेच दिसतात. चार चाकं, पुढे बॉनेट, मध्ये सीट, पोटाखाली गवत कापायची पाती. पण त्यांत दोन वेगळी यंत्रं आहेत. एक फक्त हिरवळ कापण्यासाठी बनवलेलं असतं, त्याला लॉन ट्रॅक्टर म्हणतात. दुसरा गार्डन ट्रॅक्टर. तो गवत तर कापतोच, शिवाय मातीत घुसणारी अवजारं ओढतो: छोटा नांगर, कुळव, माती सपाट करायचं पातं, भरलेली ट्रॉली.

बॉनेटवरचा हॉर्सपॉवरचा आकडा यात काहीच सांगत नाही. एकच इंजिन दोन्हींत बसवलेलं असू शकतं. फरक असतो तो सांगाड्यात आणि मागच्या गिअरच्या पेटीत. म्हणून खाली वाकून बघा. गार्डन ट्रॅक्टरची चौकट जाड पत्र्याची, बहुधा वेल्डिंग केलेली असते आणि पुढचा अ‍ॅक्सल बऱ्याचदा ओतीव लोखंडाचा असतो. मागची चाकं मोटारीसारखी चार-पाच बोल्टांनी बसवलेली दिसली तर ते चांगलं लक्षण. हलक्या यंत्रात चाक नुसतं दांड्यावर सरकवून लोखंडी पाचर (की) आणि क्लिप लावून अडकवलेलं असतं. गार्डन ट्रॅक्टरची मागची चाकं उंच असतात, साधारण 23 इंच. हलक्या यंत्राची 20 इंचांच्या आसपास.

तुम्हाला फक्त गवतच कापायचं असेल तर लॉन ट्रॅक्टर घ्यायला काहीच हरकत नाही. पण त्याला नांगर जोडून वापरलेलं असेल तर गिअर आतून थकलेला असणार. मालकाला सहज विचारा, "याला मागे काय काय जोडायचात?" माणसं याचं उत्तर मोकळेपणाने देतात, कारण ट्रॅक्टरच्या ताकदीचं कौतुक सांगायला सगळ्यांनाच आवडतं.

## "गरम असला तर काय बिघडलं? चालतोय ना?"

सकाळी उठल्यावर गुडघे धरलेले असतात आणि चार पावलं टाकली की मोकळे होतात, तसंच इंजिनाचं आहे. पिस्टनची झिजलेली रिंग, गळका व्हॉल्व्ह, कचरा साचलेला कार्बोरेटर हे सगळं थंड इंजिनात त्रास देतं. धातू तापून थोडा फुगला की फटी कमी होतात आणि दुखणं झाकलं जातं. म्हणून फोनवरच सांगून ठेवा: "मी येईपर्यंत सुरू करू नका." पोचल्यावर आधी बॉनेट उघडा आणि इंजिनाजवळ तळहात नेऊन धग लागते का बघा. सायलेन्सरला एकदम बोट लावू नका. धग लागली तर रागावायचं कारण नाही, मालकाच्या मनात काही नसेलही. चहापाणी करा, इकडचं-तिकडचं बोला. नाहीतर दुसऱ्या दिवशी या.

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. ऑइल काळं असणं हा दोष नाही, वापरलेलं ऑइल काळंच असतं. बघायच्या गोष्टी तीन. दुधाळ, चहासारखा रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी आहे. पेट्रोलचा वास आला आणि पातळी खुणेच्या वर असली, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल झिरपत झिरपत इंजिनात उतरलं आहे. असं पातळ झालेलं ऑइल घेऊन इंजिन किती दिवस चाललं असेल कोण जाणे. तिसरी गोष्ट: थेंबभर ऑइल दोन बोटांत चोळा आणि उन्हात धरा. चमचम दिसली तर आतला धातू झिजून ऑइलमध्ये आला आहे. तिथेच थांबा.

मालकाची हरकत नसेल तर स्पार्क प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर जळण नीट होतंय. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, हे बहुधा थोडक्यात सुटतं. प्लग ऑइलने ओला असेल तर इंजिन ऑइल खातंय.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात आणखी एक जागा बघायची, जिथे फारसं कोणी बघत नाही. इंजिनावर पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं आवरण असतं. त्याच्या खाली सिलिंडरभोवती धातूच्या पातळ, पापुद्र्यांसारख्या पट्ट्या असतात. उष्णता तिथून बाहेर पडते. वर्षानुवर्षं कापलेल्या गवताचा भुसा तिथे जाऊन बसतो, कधी उंदीर घर करतात. मी एकदा असं आवरण उघडलं तेव्हा आतून मूठ-मूठ वाळलेलं गवत निघालं, वाटीसारखं दाबून बसलेलं. बाहेरून तो ट्रॅक्टर आरशासारखा पुसलेला होता. असं इंजिन आतून भाजून निघालेलं असतं. आवरण उघडता आलं नाही तर निदान टॉर्च मारून फटीतून बघा.

## धुराचा रंग

आता सेल्फ मारा आणि स्वतः मागे उभे राहा. पहिल्या पाच सेकंदांत जे दिसतं ते नंतर दिसत नाही.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सुरुवातीला एकच झुळूक आली आणि थांबली तर व्हॉल्व्हची सीलं जुनी झाली आहेत. भाव कमी करायला ते पुरेसं कारण आहे, पण इंजिन चालेल. निळा धूर थांबतच नसेल, रेस वाढवल्यावर वाढत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर गेला. दोन सिलिंडरच्या काही इंजिनांत हेडचं गॅस्केट फुटल्यानेही असाच धूर येतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, बऱ्याचदा नुसता एअर फिल्टर तुंबलेला असतो. पांढरा धूर डिझेल इंजिनात थंडपणी थोडा येणारच, पण इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि पाण्यावर थंड होणारं इंजिन असेल, तर पाणी जळत असण्याची शक्यता आहे.

"सोबत मेकॅनिक नेला तर हे सगळं तोच बघेल ना?" जरूर न्या. पण एक लक्षात ठेवा. कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचं, मीटर लावून तो म्हणाला की आकडा कमी आहे, तर लगेच घाबरू नका. अनेक छोट्या इंजिनांत सेल्फला सोपं जावं म्हणून सुरू होताना थोडं कॉम्प्रेशन आपोआप सोडून देण्याची सोय असते, त्यामुळे मीटर मुळातच कमी दाखवतं. सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून सुटते हे बघणारी गळतीची तपासणी अशा इंजिनांसाठी जास्त भरवशाची. मोटारसायकलींवर काम करणाऱ्या चांगल्या मेकॅनिकलाही ही गोष्ट माहीत नसू शकते.

## मीटरवर तास कमी आहेत, मग काळजी कसली?

ट्रॅक्टरचं वय किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. पण तासांचं मीटर म्हणजे साधं घड्याळ. ते बदलता येतं, त्याची वायर काढता येते, आणि काही ट्रॅक्टरमध्ये इंजिन बंद असलं तरी चावी चालू ठेवली की ते पळतं. त्यामुळे आकडा फसवू शकतो, दोन्ही बाजूंनी.

झीज मात्र खोटं बोलत नाही. पॅडलच्या रबरावरची नक्षी बघा, स्टेअरिंगवर हात घासून गुळगुळीत झालेली जागा बघा, सीटची शिवण बघा, पाय ठेवायच्या जागेवरचा रंग किती उडालाय ते बघा. मीटर 150 तास म्हणतंय आणि पॅडलचं रबर लोखंडापर्यंत घासलंय, असं असेल तर पॅडलवर विश्वास ठेवा. आणि कमी चाललेला म्हणजे चांगलाच, असंही नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ट्रॅक्टरच्या टाकीत जुनं पेट्रोल चिकट होतं, कार्बोरेटरची बारीक छिद्रं बुजतात, सीलं सुकतात. नियमित चाललेला आणि वेळेवर ऑइल बदललेला ट्रॅक्टर मी कधीही आधी उचलेन.

## गिअर: घाम फुटेपर्यंत चालवा

आजच्या बहुतेक गार्डन ट्रॅक्टरमध्ये दात असलेले गिअर बदलावे लागत नाहीत. पॅडल दाबलं की पुढे, उलटं दाबलं की मागे. याला हायड्रोस्टॅटिक गिअर म्हणतात. आत एक पंप असतो, तो दाबाने ऑइल ढकलतो आणि त्या ऑइलच्या जोरावर दुसरीकडची मोटर फिरून चाकं फिरतात. म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेण्याचं काम ऑइलच करतं.

आता जुनी पिचकारी आठवा, जिचा दट्ट्या झिजून ढिला झालाय. तिच्यात घट्ट द्रव भरला तर ती नीट मारते, कारण घट्ट द्रव फटीतून मागे जात नाही. साधं पाणी भरलं की अर्धं दट्ट्याच्या कडेने मागेच येतं. झिजलेल्या हायड्रोस्टॅटिक गिअरमध्ये हेच होतं. थंड ऑइल दाट असतं, तेव्हा ट्रॅक्टर छान ओढतो. वीस-पंचवीस मिनिटं काम केल्यावर ऑइल तापून पातळ होतं, झिजलेल्या फटींतून मागे पळतं आणि चढावर चाकं थांबतात. माझ्या बागेत झालं ते हेच.

म्हणून सपाट अंगणातल्या दोन चकरा म्हणजे चाचणी नव्हे. निदान अर्धा तास चालवा, गवत कापत किंवा काहीतरी ओढत. मग जवळच्या सौम्य चढावर घ्या, मध्येच थांबवा आणि तिथूनच पुन्हा सुरू करा. पुढे चढवून बघा, उलटा चढवूनही बघा. कापायची पाती बंद ठेवा आणि सरळ वर-खाली जा, आडवे नको. अशा यंत्रांच्या पुस्तिकांमध्ये बहुधा 15 अंशांपेक्षा जास्त उतारावर नेऊ नका असं बजावलेलं असतं. म्हणजे मीटरभर आडवं गेल्यावर साधारण 27 सेंटीमीटर वर. चाचणीसाठी त्याच्या निम्मा चढही पुरतो.

मागे एक छोटा दांडा असतो, जो ओढला की ट्रॅक्टर हाताने ढकलता येतो. तो अर्धवट ओढलेला राहिला तरी ट्रॅक्टर ओढत नाही. गिअर गेला असं ठरवण्याआधी तो जागेवर आहे ना, हे बघून घ्या. आणि इंजिनाची ताकद गिअरकडे नेणारा पट्टा घसरत असला तरी लक्षणं जवळपास अशीच दिसतात. पट्टा स्वस्तात बदलतो, गिअर नाही.

दातांचे गिअर असलेला ट्रॅक्टर असेल तर कल्पना तीच, बघायच्या गोष्टी वेगळ्या. भार पडल्यावर गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये निसटतो का, क्लच सोडताना झटका बसतो का, आणि वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच हळूच सोडल्यावर इंजिन दबतं की नुसतं घरघरत राहतं. घरघरत राहिलं तर क्लच घसरतोय.

## "एवढा वेळ कोण देईल?"

ही शंका मला नेहमी विचारली जाते. अनुभव असा आहे की ज्याचा ट्रॅक्टर चांगला आहे त्याला अर्ध्या तासाचं काही वाटत नाही. उलट तो आपण होऊन म्हणतो, "त्या कोपऱ्यातलं गवत वाढलंय, कापूनच बघा." त्याचं काम होतं, तुमची चाचणी होते. जो दहाव्या मिनिटाला घड्याळ बघायला लागतो, पेट्रोल संपेल म्हणतो, त्याच्याकडे पेट्रोलचे पैसे द्या आणि चालवत राहा. तरीही नाही म्हणाला तर मी परत फिरतो. दोनदा असं केलं आहे आणि दोन्ही वेळा मला नंतर चुटपुट लागली नाही.

## सीटखालची वायर

हे मी सगळ्यात कळकळीने लिहितो आहे, कारण यात पैशाचा प्रश्न नाही, पायाचा आहे.

प्रत्येक बऱ्या ट्रॅक्टरच्या सीटखाली छोटा स्विच असतो. पाती फिरत असताना चालक सीटवरून उठला तर इंजिन बंद झालं पाहिजे. चालक पडला, ट्रॅक्टर कलंडला, मूल जवळ आलं म्हणून घाईत उतरला, अशा वेळी हा स्विच जीव वाचवतो. पण स्विच खराब झाला की ट्रॅक्टर सुरू होत नाही किंवा मध्येच बंद पडतो. मग वैतागून लोक दोन वायरी पिळून जोडून टाकतात. ट्रॅक्टर चालतो, स्विच उरत नाही.

सीट उचलून बघा. इन्सुलेशन टेप गुंडाळलेला, वायरीचा उगाच तुकडा जोडलेला दिसतो का? मग आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून, मोकळ्या जागेत ट्रॅक्टर उभा ठेवून पाती सुरू करा. पाय पाट्यावर आणि हात स्टेअरिंगवर ठेवूनच सीटवरून थोडे वर उठा. इंजिन लगेच बंद झालं पाहिजे आणि पाती साधारण 5 सेकंदांत थांबली पाहिजेत. मग हेही बघा: ब्रेकचं पॅडल न दाबता किंवा पाती चालू स्थितीत ठेवून सेल्फ मारला तर इंजिन लागता कामा नये.

स्विच नवा बसवणं किरकोळ काम आहे. त्यामुळे केवळ यासाठी ट्रॅक्टर नाकारू नका. पण तो बसवेपर्यंत पाती फिरवू नका, आणि ज्याने ही वायर जोडली त्याने आणखी काय काय जुगाड केलं असेल, ते जास्त बारकाईने शोधा.

## सांधे, पाती आणि पत्रा

पुढचा भाग जॅकवर उचला. चाक वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे धरून हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बुश झिजलेत, ते बदलता येतात. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनेवर डुलतो, तो डुलायलाच हवा. पण पुढे-मागे हलत असेल तर पिनेचं भोक मोठं झालंय. मग स्टेअरिंग फिरवा आणि चाक हलायच्या आधी ते किती मोकळं फिरतं ते बघा. ग्रीस भरायच्या छोट्या तोंडांवर, म्हणजे निपलांवर, ताजं किंवा जुनं, कसलं का होईना ग्रीस दिसतंय का? सगळी निपलं कोरडी गंजलेली असतील तर या ट्रॅक्टरला कुणी वंगण दिलेलंच नाही.

पात्यांचं पत्र्याचं आवरण, म्हणजे डेक, वरून चकचकीत असतं आणि खालून कुजतं, कारण ओलं गवत तिथे चिकटून राहतं. खाली वाकून स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. इंजिन बंद करून, प्लगची वायर काढून आणि जाड हातमोजे घालून पाती हाताने फिरवा. किरकिर, लडबड नको.

पात्यांना ताकद देणारा विजेवर चालणारा क्लच असेल तर तोही गरम झाल्यावरच तपासा. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुटायला लागला तर त्याचे दिवस भरलेत. मागे हायड्रॉलिक लिफ्ट असेल तर अवजार वर उचला, इंजिन बंद करा आणि बघत राहा. मिनिटाभरात खाली बसलं तर आतली सीलं गळतायत. हायड्रॉलिकच्या पाइपावर गळती शोधताना बोट कधीही फिरवू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाने येणारं ऑइल कातडीच्या आत घुसतं आणि ते गंभीर असतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, डाग पडला की जागा सापडली.

बॅटरी मल्टिमीटरने बघा: बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू असताना 13.5 ते 14.5. चालू असूनही आकडा वर चढला नाही तर चार्जिंग होत नाही.

## "स्वस्तात मिळतोय, दुरुस्त करून घेऊ"

कधी कधी हा हिशेब बरोबर असतो. कार्बोरेटर, पट्टे, बॅटरी, पाती, टायर, स्विच, बुश हे सगळं घरच्या घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये होतं. यांतल्या कितीही गोष्टी वाईट असल्या तरी मी ट्रॅक्टर घेईन, भाव तेवढा पाडून. इंजिन आणि हायड्रोस्टॅटिक गिअर मात्र वेगळे. हलक्या यंत्रांतले बरेच हायड्रोस्टॅटिक गिअर सीलबंद असतात, ते उघडून दुरुस्त करायचे म्हणून बनवलेलेच नसतात. नवा गिअर टाकायचा तर जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीएवढाच खर्च येऊ शकतो.

म्हणून बघायला जाण्याआधी मालकाकडून मॉडेल नंबरच्या पट्टीचा फोटो मागवा. ती बहुधा सीटखाली किंवा मागच्या चाकाच्या पत्र्यावर असते. तो नंबर घेऊन सुट्या भागांच्या दुकानात फक्त दोन गोष्टी विचारा: डेकच्या पात्यांचा दांडा मिळतो का आणि मागचा गिअर मिळतो का. दोन्हींना "आता येत नाही" असं उत्तर आलं तर तो ट्रॅक्टर कितीही सुंदर असला तरी तो यापुढे फक्त झिजत जाणार आहे.

नव्या रंगाबद्दल एवढंच. रंग रबरी पाइपावर, ग्रीसच्या निपलावर किंवा वायरीवर उडालेला दिसला तर तो ट्रॅक्टर टिकावा म्हणून दिलेला नाही, विकला जावा म्हणून दिलेला आहे.

## जाताना पुठ्ठा घेऊन जा

घरून मोठा, कोरा पुठ्ठा न्या. अर्ध्या तासाच्या चाचणीनंतर गरम ट्रॅक्टर त्याच्यावर उभा करा आणि कागदपत्रं, चाव्या, पुस्तिका बघत, मालकाशी बोलत पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. धुऊन-पुसून आणलेल्या यंत्रावर गळती दिसत नाही, पण गरम ऑइल खाली थेंब टाकतंच. मग ट्रॅक्टर पुढे घ्या आणि पुठ्ठा उचला. पुढच्या बाजूला काळा डाग असेल तर इंजिनाचं ऑइल. मागच्या अ‍ॅक्सलखाली मधाच्या रंगाचा असेल तर गिअरचं. मधोमध ओलावा असून डाग उरलाच नाही, नुसता वास आला, तर पेट्रोल. पुढचे एक-दोन थेंब मी सोडून देतो. मागे एक जरी थेंब असला, तर चढावर परत एकदा चालवून बघतो.